कॉन्टेसाचा निळा

४ नोव्हेंबर, मंगळ.
उरणहून कॉन्टेसा आली. टेम्पोवर, दोरांनी करकचून बांधलेली. इक्बाल बघतच राहिला. बावीस वर्षं एक शेड चालवतोय दोघं, पत्रा त्याचा, रंग माझा, पण ही गाडी दुसऱ्यांदाच. खाऱ्या वाऱ्याने दारांचे तळ खाल्लेत. बाकी अंग धड.
मालकीण बरोबर. प्रतिभाताई ठाकूर, शाळेत गणित शिकवायच्या, आता रिटायर. स्वतः चालवायच्या ही गाडी. त्या काळात, उरणच्या रस्त्याला, बाई! मुलगा रोहनही आलेला. त्याला मॅट काळी हवी, बॉनेटवर दोन पांढरे पट्टे, क्रोम सगळं काळं. "इंडियाची मसल कार आहे ही, काका."
ताई : "गाडी माझ्या नावावर आहे. होता तोच निळा."
कुठला निळा विचारलं तर, "सांगता नाही येणार. बघितला की ओळखेन."
असं गिऱ्हाईक आवडतं मला.

९ नोव्हें., रवि.
दारावरची क्रोमची पट्टी उतरवली. क्लिपांची गंजून माती झालेली. पण पट्टीखाली बोटभर रुंद मूळ रंग तसाच्या तसा. ऊन नाही, मीठ नाही. इक्बालने ओल्या फडक्याने पुसला. "घे काशी, तुझा नमुना. कंपनीतून आल्यासारखा."
फोटो पाठवला. ताईंचा लगेच फोन. "हाच. हाच हो."

१३ नोव्हें., गुरु.
ताई येऊन स्टुलावर बसल्या, एकेक तुकडा हातात घेऊन निकाल दिला. बंपर परत क्रोम करायचे. खिडक्यांभोवतीची किनार ठेवायची. जाळी काळी होती, काळीच. रोहनचा फोन आला मधेच, स्पीकरवर : "आई, एवढं क्रोम म्हणजे लग्नाची गाडी वाटेल."
"मग? लग्नांना गेलीच आहे की ती."
डाव्या दाराची पट्टी दुमडलेली होती, इक्बालने जुन्या मालातून दुसरी आणली. ताईंनी दोन्ही जवळ धरल्या. "ही जरा पिवळट नाही?" मला सारख्याच दिसल्या. पॉलिश केल्यावर होईल म्हटलं. पुढे गेलो.

२० नोव्हें., गुरु.
निळा बसवला. सकाळपासून चार नमुने मारले, चौथा बसला. तीस वर्षं नजरेने रंग जुळवतोय. आता दुकानांत मशीन आलंय, पत्र्यावर टेकवलं की आकडे देतं. हसू येतं.
इक्बालला दाखवला. त्याने तो तिरका धरून बघितला. मग, "उन्हात बघ."
उन्हात नेला. तोच.
"जांभळा मारतोय, काशी."
"तू पत्रा ठोक."
असं बोलायला नको होतं.

२४ नोव्हें., सोम.
ताई आल्या. नमुना गाडीला लावला. म्हणाल्या, "हा तर वांग्याचा रंग."
ट्यूबलाइट खराब आहे म्हटलं. सकाळचे अकरा वाजलेले, शटर पूर्ण वर. त्यांनी ट्यूबकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. गणिताच्या बाई. उत्तर चुकलंय हे मुलाला स्वतः कळू द्यायचं, तशा बघत होत्या.
त्या गेल्यावर नमुना आणि मूळ रंग समोर धरून तासभर बसलो. एकच आहेत. आईशप्पथ एकच आहेत.

२५ नोव्हें., मंगळ.
हिने भावाच्या घरभरणीसाठी शर्ट आणलाय. क्रीम कशाला, मला क्रीम शोभत नाही, म्हटलं.
"अवो, ह्यो पांढरा हाय. पांढरा फेक."
"बरं."
"डोला दाखवा ना कुटं. गनपतीपासून सांगतंय मी."
जेवलो नाही नीट.
तो केटरिंगवाला आठवला. पांढरी व्हॅन, दरवाजा बदललेला. मे महिन्यात येऊन ओरडत होता, दरवाजा वेगळा दिसतो म्हणून. मी त्याला चार लोकांत म्हटलं, डोळे तपासून घे.

२८ नोव्हें., शुक्र.
लिहू की नको. लिहितो.
ताईंना फोन केला. म्हटलं, तो निळा आता बनत नाही. त्यात मिसळायचे तसे टिंटर येत नाहीत. काळा घ्या, रोहनच्या मनासारखंही होईल, मॅट नको, चकचकीत देतो. काळ्याला जुळवणी लागत नाही. काळा तो काळा. हे अर्थात त्यांना नाही सांगितलं.
"बनतच नाही?"
"नाही ताई."
"बरं. तुम्ही म्हणताय तर काळा करा."
वाद घातला असता तर बरं झालं असतं.

३ डिसें., बुध.
गाडीला प्रायमर. पूर्ण राखाडी. रोहन खूश, काळ्या पट्ट्या मागवतोय म्हणे. म्हणजे क्रोमही चाललं.
इक्बाल सकाळपासून बॉनेट घासतोय. काळ्यावर पत्र्याची बारीक लहरसुद्धा दिसते, निळ्यात झाकली जाते. माझ्या खोटेपणाचं काम त्याच्या खांद्यावर. साठीला आलाय तोही.

५ डिसें., शुक्र.
भांडण. आयुष्यात पहिलं.
इक्बाल चहा ठेवून म्हणाला, "बाईंना तू खोटं सांगितलंस."
मी म्हटलं धंदा मला शिकवू नकोस. तेव्हा त्याने सांगितलं. गणपतीपासून माझा प्रत्येक रंग तो मशीनवाल्याकडे नेतो. मी दुपारी जेवायला घरी जातो तेव्हा. तिथून दुरुस्त करून आणतो, डबा होता तिथे ठेवतो.
"सगळे?"
"सगळे नाही. पांढरे, निळे, चंदेरी. लाल तुझा अजून बरोबर असतो."
"मग हा का नाही नेलास?"
"थकलो, काशी. किती दिवस चोरासारखं करू? वाटलं, बाई बोलतील, तू ऐकशील."
मी काय काय बोललो. मला लोकांसमोर आंधळा ठरवायचंय तुला, शेड एकट्याला हवीय, असं सुद्धा. तो उभा राहून ऐकत होता. हात प्रायमरच्या धुळीने कोपरापर्यंत राखाडी. मग नमाजला गेला. जुम्मा होता.

६ डिसें., शनि.
इक्बाल आला, काम केलं, गेला. सलाम नाही, काही नाही. गणपतीनंतर केलेल्या गाड्यांची कौतुकं लोकांनी केली. मी ती घेतली. छाती काढून.

९ डिसें., मंगळ.
डोळ्यांचे डॉक्टर. ही बरोबर आली, एकट्याला सोडेना. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा जास्त पिकलाय. डॉक्टर बाई तरुण आहेत. म्हणाल्या, "पिवळ्या काचेतून बघताय असं समजा. हळूहळू येतं, म्हणून कळत नाही. काम काय करता?"
ही म्हणाली, "गाड्या रंगवतान."
त्या लिहिता लिहिता थांबल्या.
उजवा पुढच्या आठवड्यात.

१७ डिसें., बुध.
झालं काल. दहा-पंधरा मिनिटं. भीती त्याच्या आधीच्या दोन रात्री. इक्बाल दवाखान्याच्या बाकावर बसलेला, कोणी सांगितलं माहीत नाही. हिनेच. शहाळं घेऊन आलेला. शहाळं प्यायलो.

१८ डिसें., गुरु.
पट्टी काल सोडली. आज धीर करून नीट बघतोय.
घरातली भिंत पांढरी आहे. हिच्या केसांत एवढे पांढरे कधी झाले? बाल्कनीतून आकाश बघितलं. एक डोळा मिटला, मग दुसरा. डाव्याने चहाचा डाग पडल्यासारखं, उजव्याने... शब्द नाही. रडू आलं. डोळ्याला पाणी लावायचं नाही म्हणून हिने हात धरून आत बसवलं.

२२ डिसें., सोम.
शेडमध्ये गेलो. काळा चष्मा, धूळ चालत नाही, म्हणून दारातच उभा. इक्बालने माझा नमुना बाहेर आणून दिला. चष्मा काढला. डावा डोळा मिटला.
वांगं. बाजारातलं ताजं वांगं.
येताना रस्त्यात दोन गाड्या ओळखल्या, आपल्या हातच्या. एक त्या केटरिंगवाल्याची व्हॅन, दरवाजा निळसर, बाकी अंग पांढरं. मे महिन्यापासून असाच फिरतोय तो माणूस गावभर.
इक्बालला म्हटलं, "चुकलो."
"घासून घासून हात गेले माझे." एवढंच म्हणाला. मग स्टूल ओढून दिलं.

२४ डिसें., बुध.
मशीनवाल्याकडे गेलो, स्वतःच्या पायाने. दाराची पट्टीखालची जागा प्रायमरआधी इक्बालने कापडी टेप लावून राखलेली. मला न सांगता. म्हणून नमुना शिल्लक. मशीनने आकडे दिले, रंग बनला, पत्र्यावर मारला. जवळ आला. पण एक थेंब पांढरा जास्त वाटतो. इक्बालला नाही वाटत. हे माझ्या उजव्या डोळ्याचं म्हणणं की माझ्या ताठ नाकाचं, कळायला मार्ग नाही. एक पत्रा मशीनचा ठेवला, एक माझा, तेवढा पांढरा कमी करून.

२६ डिसें., शुक्र.
ताईंना फोन केला. सगळं सांगितलं. निळा बनतो. मला दिसत नव्हता. काळा मी माझी अब्रू झाकायला सुचवला.
त्या म्हणाल्या, "आधी का नाही सांगितलंत?"
मग त्याच म्हणाल्या,
"रोहनला मी हो म्हणून बसलेय, काशिनाथराव. कितीतरी दिवसांनी तो माझ्याशी धड बोलतोय, त्या गाडीपायी. आता परत नाही म्हणू?"
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.
रविवारी येते म्हणाल्या.

२८ डिसें., रवि.
एकट्याच आल्या. तीन पत्रे उन्हात टेकवून ठेवलेले : मशीनचा निळा, माझा निळा, काळा. कुठला कोणाचा ते सांगितलं नाही. बराच वेळ बघितलं. काळ्यात स्वतःचा चेहरा बघून पदर सारखा केला.
मग एका निळ्यावर हात ठेवला. माझ्या. इक्बालने माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे.
"मारणार कोण?" त्यांनी विचारलं.
म्हटलं, "मी. पण डावा डोळा जानेवारीअखेर. त्याआधी रंगाचं पिस्तूल हातात घेणार नाही. तेवढं थांबावं लागेल. नाहीतर दुसरा माणूस बघून देतो, चांगला आहे."
त्यांनी पत्र्यावरचा हात काढला. होही नाही, नाहीही नाही. "रोहनशी बोलते," म्हणाल्या. इक्बालने रिक्षापर्यंत सोडलं.

२ जानेवारी, शुक्र.
ताईंचा फोन नाही. रोहनचा आला, उचलेपर्यंत बंद. परत लावला तर बिझी.
प्रायमर उघडा राहिला की दमट हवा खातो. दुपारी इक्बाल जुम्म्याहून आला, मग दोघांनी मिळून गाडीवर ताडपत्री घातली, चारी टोकांना विटा ठेवल्या.