गरम पोती

फरीदाबाद, मंगळवार, १४ मे १९९६

आज पोत्यांवर हात ठेवला, तर गरम लागली. गिरणीतून आलेला तांदूळ निवू न देता भरला की वाटेत दाणा तुटतो. परदेशी जाणारा माल हा. हे वारल्यावर नमुने तपासायच्या त्यांच्याच जागेवर मला घेतलं; तांदळातलं एवढं तरी मला कळतं.

मालकांना म्हटलं, "अभी गरम है, टूटेगा."

"भाभीजी, जहाज आपके लिए रुकेगा क्या?"

माल ठीक असल्याच्या दाखल्यावर सही केली. नोकरी गेली तर नीताचं कॉलेज सुटेल. दुसरं काय करणार होते? पण पोती गरम होती.

ह्यांनी एकदा अशीच सही नाकारली होती. नीता तेव्हा पाळण्यात होती. मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नव्हते.