खांद्यावरचा ओला डाग

अब्बा, हे मी मराठीत लिहिते आहे. तुम्हाला मराठी बोलता यायची, वाचता यायची नाही, त्यामुळे हात मोकळा चालतो.

परतूरच्या बाजारात तुमचं शिलाईचं दुकान होतं, तिथे आता मोबाईल विकतात. मी जालन्याला असते. शर्टांवर छपाई करते, तीही टेनिसच्या गाजलेल्या सामन्यांची. तुम्ही असतात तर विचारलं असतंत, आपला टेनिसशी काय वास्ता. वास्ता तुम्हीच लावलात. समोरच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या टीव्हीवर हिरवळीवरचा विलायती सामना लागला की तुम्ही मशीन थांबवून उंबऱ्यात येऊन बसायचात. अम्मी टोमणा मारायची, घरात तस्वीर चालत नाही आणि तिथे बायकांचा खेळ बरा चालतो. तुम्ही शांतपणे म्हणायचात, मी कपडे बघतो. आणि खरंच कपडेच बघायचात. पांढऱ्या सदऱ्याला खांद्यावर चुणी पडली की तुमचा जीव खालीवर व्हायचा.

तो एक दिवस मला अजून दिसतो. जिंकत आलेली बाई शेवटी हरते. बक्षीस द्यायला आलेली राजघराण्यातली बाई तिला जवळ घेते, आणि ही तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडते. रेडिओवाला हसतो. तुम्ही हसत नाही. गळ्यात टेप तसाच, डोळे पुसत मला म्हणता, "देख बेटा, कपडा इसके वास्ते होता है."

मी तोच शर्ट केला. बाई नाही, चेहरा नाही. नुसता पांढरा शर्ट आणि डाव्या खांद्यावर छापलेला ओलसर डाग. कारण तुमचा कायदा मला तोंडपाठ: ज्या कपड्यावर सूरत, म्हणजे माणसाचं की जनावराचं चित्र, त्या कपड्यात नमाज नाही. लहानपणी माझ्या फ्रॉकवर भरलेला मोर तुम्ही टाका टाका उसवून काढला होतात आणि मी रुसून जेवले नव्हते. माझ्या शर्टांवर माणूस येत नाही. एकावर रेषेला चेंडू लागून उडालेला चुना आहे, एकावर बूट घसरून उघडी पडलेली माती. पहिल्या खेपेला इस्त्रीवरच्या हसनाबादच्या बाईने डागाचे सगळे शर्ट बादलीत घातले. मला म्हणाली, "आपा, ह्यो डाग निघंनाच. सकाळपासून घासून राह्यले." आम्ही दोघी पोट धरून हसलो, पण माल वाया गेला तो गेलाच.

आता गिऱ्हाईकही तेच म्हणतं. मुंबईच्या ज्या बाई माझा माल उचलतात, त्यांनी सांगितलं की लोक डागाळलेला म्हणून शर्ट परत पाठवतात, खेळाडूंचे चेहरे छापा, नाहीतर काम दुसऱ्याला देते. या कामावर इस्त्रीवालीचं घर चालतं, शिवणाऱ्या बायकांचं चालतं, माझंही. मी बरेच दिवस उत्तर टाळलं.

परवा दुपारी कागद घेऊन बसले. कायदा मोडायचाच तर पहिला चेहरा तुमचा काढू, असं ठरवलं. टोपी आली, दाढी आली, कानामागचा खडू आला. मधलं काही येईना. पुसलं, पुन्हा काढलं, तरी येईना. तुमचा एक फोटो नाही, अब्बा. ओळखपत्रासाठी फोटो काढणारे आले त्या दिवशी तुम्ही दुकानाला कुलूप लावून वडीगोद्रीला निघून गेलात, हे अम्मी अजून कौतुकाने सांगते. टीव्हीवर रडणारी ती परकी बाई मला लख्ख आठवते आणि तिच्याकडे बघणारा तुमचा चेहरा आठवत नाही. मला तुमचा राग आला. तो अजून गेलेला नाही.

मुंबईला मी हो कळवलं. चेहरे काढायला घेतलेत आणि ते चांगले येतायत, याचंच वाईट वाटतं. हे तुम्हाला सांगणं सोपं आहे, तुम्ही काही उसवायला येणार नाही. अम्मीला मात्र मी सांगितलंय की या खेपेलाही शर्टांवर कुणी माणूस नाही.