तुसबाचं मोल

कोल्हापूर,
आश्विन वद्य पंचमी, सन १९१८

प्रिय तुसबा,

तुझं पत्र येऊन नऊ दिवस झाले. उत्तर नाही म्हणून तू काळजीत असशील, म्हणून आधी सांगते, मी धडधाकट आहे. पेठेत मात्र मानमोडीचा ताप घरोघर शिरला आहे. सकाळी दार उघडलं की मी आधी समोरची दारं मोजते. कोपऱ्यावरच्या तेल्याचं दार परवापासून उघडलेलं नाही आणि ठोठावायला कुणी जात नाही. दसऱ्याचं सोनं वाटायला या वर्षी फक्त दोघं आले, तेही अंगणातूनच परत गेले. हुबळीतही असंच असेल. सूनबाईला गर्दीत पाठवू नकोस, आणि पाणी उकळूनच दे.

तुझं पत्र मी इतक्यांदा वाचलं की घड्या फाटायला आल्या. तुझ्या ऑफिसातल्या साहेबानं नावाचा अर्थ विचारला आणि तुला सांगता आला नाही. असं नाव कुणी ऐकलेलं नाही, त्यात पहिला उकार की दुसरा, यावरून सोबती चेष्टा करतात. हे सगळं हसत वाचलं. मग शेवटच्या चार ओळी आल्या. दोन्ही बाळं बारशाच्या आत गेली. आता मार्गशीर्षात तिसरं होईल, आणि तू लिहितोस, "आक्का, या खेपेला तूच त्याला सुपात घे. तुझ्या हातचा सौदा लाभतो. मीच त्याचा पुरावा आहे. नावही माझंच ठेव." तिथं मी पत्र मिटलं आणि ट्रंकेत तळाशी ठेवलं. पण ट्रंकेत ठेवल्यानं काही सुटका होत नाही.

अर्थ सोपा आहे. भात कांडलं की तांदूळ निराळा होतो आणि वर उडतं ते तूस. गाईच्या तोंडालाही न लागणारं, वाऱ्यावर जाणारं. ज्या बाईची मुलं जगत नाहीत, ती नवं मूल सुपात घालून परक्या बाईला मूठभर तुसाला विकते. जे इतकं फुकट आहे त्याच्याकडं मृत्यू कशाला वळून पाहील, असा हिशेब. मग मूल पाच वर्षांचं झालं, की ज्या मोलानं दिलं त्याच मोलानं आईनं ते परत घ्यायचं. केरबा, धोंडबा ही त्याच जातीची नावं. तुसबा तेवढं तोवर मी दुसऱ्या कुणाचं ऐकलं नव्हतं. उकार हवा तो लिही, बाळा. मी पहिला लिहिते, कारण शाळेत तुझं नाव घातलं तेव्हा मास्तरांनी तसा लिहिला.

तुझी आई बयाबाई आमच्या परसाला लागून राहायची. तुझे वडील कृष्णात रंकाळ्याच्या बाजूला दुसऱ्याची शेती करायचे. बयाबाईची तीन मुलं एकामागून एक गेली होती. तू चौथा. मी तेव्हा पस्तिशीची, आण्णांशी लग्नाला अठरा वर्षं झालेली, आणि पाळणा माळ्यावर. मी बेळगावच्या कॉन्व्हेंटात शिकलेली. असल्या चालींना हसायचं एवढं तिथं पक्कं शिकवलेलं. म्हणून अमीरबी सुईण सूप घेऊन आमच्या मागल्या दारी आली, तेव्हा मी हसतच बाहेर आले. सुपात तू होतास. एक मूठ उघडी होती, एक मिटलेली. अमीरबी म्हणाली, "बाईसाब, मूठभर तूस टाका आणि म्हणा, घेतला." तूस कोपऱ्यात पोत्यात होतंच. पण माझा हात तिकडं जाईना. एवढ्या जिवाला तूस? मला लाज वाटली. मी कणगीत हात घातला आणि मूठभर तांदूळ तुझ्या पायाशी टाकले.

अमीरबीचा चेहरा मी आजवर विसरले नाही. "हे काय केलंसा? तूस मागितलं मी. आता ह्याला मोल आलं की! मोल आलेल्या जिनसावर समद्यांची नजर असती." तेवढ्यात पलीकडून, खोलीतून, बाळंतिणीचा आवाज आला, "दिलं का गं तूस?" अमीरबीनं माझ्याकडं पाहिलं आणि ओरडून सांगितलं, "दिलं की, मूठभर!" मग हळूच मला म्हणाली, "तांदळाचं नाव काढू नगासा. पोराचं नाव तुसबा ठेवायला सांगतो. वरनं तूस दिसलं म्हंजे झालं."

असं तुझं नाव पडलं. वर तूस आणि आत तांदूळ, हे तेव्हा आम्हा दोघींनाच ठाऊक.

तू चार वर्षांचा असताना प्लेग आला. दरबारच्या हुकमानं माणसं माळावर झोपड्या बांधून राहिली. तुझे वडील आठवड्यात गेले. बयाबाईला तपासणीसाठी वेगळं ठेवलं, तेव्हा तिनं तुला माझ्या ओटीत दिलं. म्हणाली, "तसं बी तुमचंच हाय की, मोल दिलंया." आपल्या गल्लीतली सहा पोरं गेली आणि तू तेवढा उरलास. झालं! बायका तुला बघायला येऊ लागल्या. दोन वर्षांत पेठेत अकरा तुसबा झाले. थोरला तुसबा, लंगडा तुसबा, तेल्याचा तुसबा. हुसेन पिंजाऱ्याची बायकोसुद्धा आपल्या धाकट्याला लाडानं तुसाभाई म्हणायची. तालमीपाशी एकानं हाक मारली की पाचजण ओ देत. मग ते एकेक करून जाऊ लागले. देवी आल्या, पटकी आली. खऱ्याखुऱ्या तुसाला घेतलेली पोरं होती ती. बायकांचा त्या नावावरचा विश्वास उडाला, आणि पुढं ते कुणी ठेवलं नाही. म्हणून तुझ्या सोबत्यांनी ते ऐकलेलं नाही. तेल्याचा तुसबा तेवढा तुझ्यासारखा राहिला होता. त्याचंच दार परवापासून बंद आहे.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं इथं संपली. पत्रही इथं संपवता आलं असतं. कॉन्व्हेंटात ख्रिस्ती मुली आठवड्यातून एकदा पडद्याआड बसून पाद्र्याला आपलं पाप सांगत. आम्ही हिंदू मुली बाहेर बाकावर वाट बघत बसायचो. त्या बाहेर येत तेव्हा त्यांची चाल हलकी झालेली दिसे. मला त्यांचा फार हेवा वाटायचा.

बयाबाई प्लेगात गेली असं मी तुला सांगितलं. ती गेली नाही. तपासणीच्या छावणीतून सुटून ती पेठ वडगावला माहेरी गेली आणि तू पाच वर्षांचा झालास त्या श्रावणात आली. डोक्यावर नवं सूप, सुपात खण, नारळ आणि फडक्यात बांधलेलं तूस. दारात उभी राहून म्हणाली, "बाई, माझं लेकरू माझ्या पदरात घाला. हे घ्या तुमचं मोल." तू माझ्या मांडीवर बसून पाटीवर श्री काढत होतास. मी म्हटलं, "बयाबाई, मी तूस दिलं नव्हतं. तांदूळ दिले होते. विचार अमीरबीला." ती आधी हसली. "थट्टा करतासा व्हय?" मग तिनं माझ्या तोंडाकडं नीट पाहिलं. तो दुष्काळाचा हंगाम होता. तांदूळ औषधालाही मिळत नव्हता, आणि ते मला ठाऊक होतं. ती म्हणाली, "सुगी झाली की आणतो. तवर ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. जेवतंय तरी."

मार्गशीर्षात ती आली. मी घरकामाच्या शालूबाईला दारात पाठवलं, बाई बेळगावला गेल्या म्हणून सांग म्हटलं. तू आत होतास, मधल्या खोलीत, आणि तुझ्या तोंडावर माझा हात होता. बाहेरून आवाज आला, "न्हाईत व्हय? मग हे ठेवतो. आल्यावर सांगा, मोल पोचलं." उंबऱ्यावर शेर दोन शेर तांदूळ होते. एका मुठीचे इतके. संध्याकाळी मी त्यांचा भात केला. तू दोनदा मागून घेतलास. आण्णांनी त्या दिवशी पान तसंच सारलं आणि कोरडी भाकरी खाल्ली. तू मला आई म्हणायला लागलास तेव्हा मीच तुला आक्का म्हणायला लावलं, ते का, हे आता तुला कळेल.

ती पुन्हा आली नाही. अमीरबीला म्हणाली म्हणे, "शिकतंय न्हवं? मग असू दे."

तुझी मुलं नावामुळं किंवा माझ्यामुळं गेली असं माझं शिकलेलं मन मानत नाही. पण पहिल्याची तार आली त्या दिवशी मला अमीरबीचे शब्द ऐकू आले, आणि दुसऱ्याची आली तेव्हा मी ती उघडण्याआधीच खाली बसले. जे माझं नव्हतं ते मी अठरा वर्षं धरून ठेवलं आहे.

गेल्या मंगळवारी अमीरबी तापानं गेली. तिची लेक जरीना दाराबाहेर उभं राहूनच सांगून गेली, "अम्मा म्हणाली, आता तांदूळ टाकताना बघितल्यालं तुमी एकट्याच उरलासा, बाईसाब." आणि जाता जाता म्हणाली, वडगावात बयाबाईला ताप येऊन गेला. उठून बसते, पण बोलताना धाप लागते. तिच्या-माझ्यातली कोण या महिन्याला पुरेल सांगता येत नाही, म्हणून आजच लिहिते आहे. बाळाला मी सुपात घेणार नाही. विकायचंच असेल तर बयाबाईला वीक. मूल परक्या बाईला द्यावं लागतं, आणि तुला तिच्यापासून परकं मी केलंच आहे. ती मागेल ते मोल दे, तिला ते बरोबर कळतं. नाव तिला विचारून ठेव. सूनबाईला आत्ता आणू नकोस, रजा काढून एकटाच नीघ. मिरजेला गाडी बदललीस की कोल्हापूरपर्यंतचं तिकीट काढू नकोस. हातकणंगल्याला उतर. वडगावला बैलगाडी मिळते.

अजून म्हणू देशील तर,
तुझीच,
आक्का