अकरा वर्षांच्या कॅमेऱ्याला नवी नजर

तीर्थरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे प्रत्यक्षात बसूनच करतोय, उगाच खोटं नको.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला? इकडे सगळे ठीक, आणि बातमी अशी की पोटात मावत नाही!

"आता मला फोकस साधत नाही, घेऊन जा हा डबा" म्हणून तुम्ही मला दिलेल्या कॅमेऱ्यासाठी कंपनीने चक्क अकरा वर्षांनी नवं फर्मवेअर काढलंय. म्हणजे आतला प्रोग्राम बदलायचा. डबा तोच, अक्कल नवी. आता तो समोरच्या माणसाचा डोळा स्वतः शोधून फोकस धरणार! मी सूचनांची चौदा पानं दोनदा वाचली. काम अर्ध्यावर बंद पडलं तर कॅमेरा कायमचा जाईल, असं त्यात होतं. तुमची वस्तू माझ्या हातून जायची, या विचाराने घाम फुटला. टेबल हलू नये म्हणून मी वॉशिंग मशीन बंद करायला लावलं. "कॅमेरा हलला तर चालतो हो, तो हातात धरायलाच केलाय," ही म्हणाली. (बरोबर होतं. डायरीत तसं लिहिलंय.) नव्वद टक्क्यांवर गाडी अडली आणि नेमकी मला शिंक आली, ती मी गॅलरीत नेऊन शिंकलो. परत आलो तर काम फत्ते!

लगेच आई, ही आणि मुलगी यांना ओळीत बसवलं. फोटोत तिघी पुसट, आणि मागच्या भिंतीवरच्या तसबिरीतले आजोबा मिशीच्या केसान् केसासकट स्पष्ट. आई म्हणाली, "दादाला कळव, बाबा अजून कुणाला पुढे येऊ देत नाहीत." आजोबांची क्षमा मागून तसबीर उतरवली. मग मुद्दाम चष्मा काढला, डोळे मिटले आणि बटण दाबलं. मामा, सोबत पाठवलेल्या फोटोत आईच्या पापण्या मोजून घ्या!

नाचता नाचता मी थबकलो. डोळे मिटून मला जमतं, तर तुम्हाला का जमू नये? फोकस साधेना म्हणूनच तर तुम्ही फोटो काढणं सोडलंत. मग हा कॅमेरा आता कुणाचा? दोन दिवस डायरीत दोन्ही बाजू मांडल्या. माझ्या बाजूला पानं जास्त भरली, पण मुद्दा एकही सापडला नाही. तेव्हा कॅमेरा तुमचा. कळवा, घेऊन येतो.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. : एवढी बातमी फोनवर का नाही सांगितली, असं तुम्हाला वाटेल. पत्राचा थाट वेगळा असतो.

पुन्हा ता. क. : थाटबिट काही नाही. पत्र पोचायला चार दिवस, उत्तर यायला चार, म्हणजे कॅमेरा आठ दिवस माझ्याकडे. तेव्हा कृपया फोन करू नका. उत्तर पत्रानेच पाठवा, आणि गुडघा दुखत असेल तर टपालपेटीपर्यंत जायची मुळीच घाई करू नका.