मायच्या डोक्यावरचा दुसरा एसी

२ मे, शनिवार
मायसाठी बनवलेल्या गाडीची कौंडण्यपूरपर्यंतची ट्रायल पार फसली. सकाळी दहाले निघालो. बाराच्या आतच मागच्या पलंगावरून मायचा आवाज, "बापू, मले भाजून राह्यलं रे." चेहरा लालबुंद, ओठ सुकलेले. गाडी बाभळीखाली घेतली. बायकोनं, कुसुमनं, ओल्या पंच्यानं पुसलं, लिंबूपाणी पाजलं. दर्शन नाहीच. तसेच परत.

एसी एकच, टपावर, तोही पुढच्या अंगाले. मायचा पलंग मागं. तिथवर गारवा पोचतच नसंन.

आणि आपल्याले जायचंय सोलापूरले! मावशी, मायची मोठी बहीण, अंथरुणाले खिळली, रोज मायले फोनवर एकच, "शांते, येतं का नाई?" मायच्या कमरेचं हाड मोडल्यापासून तिले बसता येत नाही. रेल्वे नाही, कार नाही. म्हणून तं जुना टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन त्याचं चाकावरचं घर केलं. पलंग, गॅस, संडास, सगळं. मृगाच्या आत जाऊन यायचं. एकदा शेवंतीची रोपं लावायले घेतली की मी मळ्यातून हलू शकत नाही.

४ मे, सोमवार
अकोल्याले, सलीमभाईकडे. गाडीचं घर त्यानंच बनवलं. ऐकून म्हणे, "भाऊ, दुसरा एसी टाका, मायच्या बरोबर डोक्यावर. बात खतम."
करंट कुठून आणू? तं जनरेटर मोठा घ्या म्हणे. आहे तो छोटा, दोन एसी सुरू होतानाच बंद पडंन. एसी चालत असला की कमी खाते, सुरू होताना भरमसाट खाते. आमच्या जावयाचंही तसंच, पहिल्या पंगतीले जोर.
मोठा जनरेटर ठेवू कुठं? संडासच्या बाजूले.
आवाज? "थोडा येईन."
थोडा म्हणजे किती, ते नाही बोलला.

७ मे, गुरुवार
अमरावतीचा एसीवाला म्हणते जनरेटर काढूनच टाका. ट्रकवाल्यांसारखा बॅटरीवरचा एसी घ्या, लिथियम बॅटऱ्या, टपावर सोलर. किती वेळ चालंन? चार घंटे. मग? "मग गाडी चालवत राहा, चार्ज होत राह्यते." म्हणजे थांबायचंच नाही का? चहाले बी नाही?

घरी येऊन पुरुषोत्तमदादाले विचारलं. गावातल्या सगळ्या जळालेल्या पंपाच्या मोटारी तोच बांधते. तो म्हणे काही नवं घेऊ नको, कॉम्प्रेसरले एक डबी लाव. सुरू होतानाचा झटका मरते, दोन्ही एसी जुन्याच जनरेटरवर चालतीन. सलीमभाईले फोन केला. "जनरेटर जळंन!" एवढंच बोलला.

तीन माणसं, तीन मतं. तक्ता काढला वहीत. आडवं-उभं लिहून पाह्यलं. फाडला.

१० मे, रविवार
काल सलीमभाई बरोबर वाटत होता, आज दादा. कुसुम म्हणे, "तुमी झेंडूची जात निवडाले एवढा येळ नाई लावत." खरं आहे. झेंडू मले समजते.
माय पलंगावरून, "कायले घोर लावून घेतं? माह्या बापाच्या घरी पंखा बी नव्हता." तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस, माय.

१२ मे, मंगळवार
हे लिहू का नको. लिहितो.
दुपारी कुसुम निंबाच्या सावलीतली गाडी पुसायले गेली. घरातल्या बोर्डाची वायर जोडून एसी लावला अन् मायच्या पलंगावर आडवी झाली. तासाभरानं तिचा फोन, "चादर आना जी." मले वाटलं गंमत करून राह्यली. जाऊन पाह्यलं. खरंच थंडी. मागं, त्याच पलंगावर!
मी म्हटलं, मग त्या दिवशी काय झालतं?
"त्या दिवशी खिडकी उघडी होती."
कोनं उघडली?
"तुमीच. निघताना. म्हणे चार बोटं उघडी ठेवा, हवा खेळती राह्यली पायजे."

चाळीस वर्षं कूलरमध्ये गेली. कूलर लावला की खिडकी उघडायची, नाहीतर घर चिकचिक होते. वऱ्हाडातल्या लेकराले बी माहीत. एसीचं उलटं असते, हेही मले माहीत होतं. तरी हात गेला. माय भाजून राह्यली होती अन् बाहेरची झळ तिच्या अंगावर मी सोडत होतो. लाज वाटून राहिली. मायले सांगतलं नाही. सलीमभाईले तं मुळीच नाही.

१४ मे, गुरुवार
पुन्हा ट्रायल, बाळापूरपर्यंत. खिडक्या गच्च. अकरापर्यंत माय मस्त, गाणं गुणगुणत होती. परवा गाडी सावलीत होती; आज एकच्या उन्हात टप तापला अन् मागं गरम व्हायले लागलं. त्या दिवसासारखं नाही. पण तिचं गाणं थांबलं, अन् ते थांबलेलं मले चालत नाही.

परततानी सलीमभाईकडे थांबलो. "पाह्यलं? दुसरा पायजेच." मागवला तं आठ दिवसांनी येईन, बसवायले दोन.
कुसुम म्हणे, "काई नको. अकराले सावली पाहून थांबायचं, पाच वाजता पुन्हा निघायचं." दोनाचे चार दिवस. रस्त्यावर, सत्त्याहत्तर वर्षांची माय घेऊन.
म्हणजे एक एसी पुरते बी अन् नाही बी. डोकं बंद पडलं माझं.

१६ मे, शनिवार
सोलापूरले मावशीले फोन लावला. माय म्हणे, "अक्का, मी शांता." तिकडून, "कोन शांता?"
मायनं दोनदा नाव सांगतलं. बापाचं सांगतलं. गावाचं सांगतलं. मग फोन माह्याजवळ देऊन भिंतीकडं तोंड केलं. जेवली नाही.

१७ मे, रविवार
पहाटेच मायनं हाक मारली. "त्या एशीचं काय करून राह्यला?"
म्हटलं आठ-दहा दिवस, माय. मग तुले काही त्रास होणार नाही.
म्हणे, "मी तापली तं पाणी मारशील. तिची आठवण गेली तं कायनं आणशील?"
उन्हात तिले रस्त्यात काही झालं तं? आणि दहा दिवसांनी थंडगार पोचलो अन् मावशीनं पुन्हा "कोन?" विचारलं तं?

कुसुम आजच निघायचं म्हणून मायचे लुगडे गाडीत ठेवून राहिली. नऊ वाजले. ऊन चढलं. सलीमभाईचा फोन वाजून राहिला, एसी मागवू का नको ते विचारायले. मी अजून उचलला नाही.