नि-४

३ जून
अखेर सरांनी प्रकल्पावर घेतलं! सहा महिने प्रयोगशाळेत बाटल्या धुतल्या, आता रक्ताच्या कॅन्सरच्या चाचणीवर माझं स्वतःचं काम. रुग्णाचं रक्त जेलच्या वडीवर घातलं की एक रेघ उमटते, निरोगी रक्ताची उमटत नाही. ती आणखी लवकर पकडायची. नळ्यांवर नावं नसतात — रुग्ण म्हणजे 'रु', निरोगी म्हणजे 'नि'. निरोगी माणसं मात्र ज्याची त्याने शोधून आणायची!

५ जून
बाबा आले रक्त द्यायला. बाही वर करत म्हणाले, "चाळीस वर्षांत तुझी आई मला एकदाही नॉर्मल म्हणाली नाही. पास झालो तर दाखला दे." नळी नि-४.

११ जून
नि-४मध्ये रेघ. चांगली ठळक. मशीन बिघडलं असेल म्हटलं, तर सर सगळ्यांदेखत — "नाचता येईना, अंगण वाकडं." मी नळ्यांची अदलाबदल केली म्हणे. तिथे रडले नाही. बाथरूममध्ये रडले.

१२ जून
बाबांना पुन्हा बोलावलं.
"काय गं, सांडलंस?"
"घोळ झाला माझ्याकडून."
"घे की मग. मी कुठे पळून चाललोय?"
पट्ट्याला नवं भोक पाडलंय त्यांनी. चार घासांत पोट भरतं म्हणतात. आई म्हणते, वय झालं.

१८ जून
पुन्हा रेघ. सर ओरडले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. "आणखी एकदा असं झालं तर काम दुसऱ्याकडे देईन." दुधाने तोंड पोळलंय, मी ताकही फुंकून पीत होते — एकेक नळी दोनदा वाचली होती. अदलाबदल झालेली नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकते.
मग काय झालंय? हे पुढे लिहायचं नाही.

१९ जून
चूक माझीच असू दे.

२३ जून
काल बाबांचं तिसऱ्यांदा रक्त घेतलं. आज सगळं सरांनी स्वतःच्या हाताने केलं, मी नुसती शेजारी उभी. रेघ तिथेच. सरांनी स्वतःची खुर्ची मला दिली. "चूक तुझी नव्हती, बाळ. उद्या सकाळी त्यांना डॉक्टरांकडे ने, मी बोलून ठेवतो."
वहीत नि-४ खोडलं. रु-१७ मीच लिहिलं.
बाबांचा मेसेज आलाय — 'या वेळी तरी पास ना?'