अकॉर्डियनची जागा

९ नोव्हें., रवि.

आज बैठकीत भांडलो. बासष्टाव्या वर्षी, आणि तेही अकॉर्डियनवरून.

दर रविवारी सुरतेत, उधन्यात, मंडळाच्या वरच्या खोलीत आम्ही सात-आठ गाणीवेडे जमतो. जुनी गाणी, मग चहा, मग वाद. आजचा विषय मीच सुचवलेला : गाण्यात अकॉर्डियनची जागा. सिनेगीतांपर्यंत सगळं गोडीगुलाबीत चाललं. नावेतलं गाणं, घाटातल्या मोटारीतलं गाणं, पार्टीतला रुसवा. भाता उघडला की वारा सुटल्यासारखं वाटतं, हे पाटणकर सरांनीही मानलं. सर उभा जन्म शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेले, त्यांनी मानलं म्हणजे शिक्का. मग मी लोकगीतांवर आलो आणि सरांनी अडवलं.

'तिथे ते पाहुणं आहे, बोरसे. पाहुण्यानं ओट्यावर बसावं, चुलीपाशी जाऊ नये.'

म्हटलं, हार्मोनियम तरी कुठे आपल्या शेतात उगवली?

'ती नांदली. सून झाली.'

यावर मी नको ते बोललो. 'सर, तुम्ही स्वतः वाजवता तेवढंच तुम्हांला आपलं वाटतं.' सर चहा न घेता उठले. जिन्यावर त्यांची चप्पल सापडेना, तीही कुणी शोधून दिली नाही. मीही नाही.

माझी पेटी, म्हणजे अकॉर्डियनच, खोक्यात ठेवत होतो तेव्हा मागे बसलेली मुलगी पुढे आली. दीपाली, भेस्तानची, साडीच्या दुकानात हिशोब बघते. अर्धं मराठी, अर्धं गुजराती. 'काका, तमे वगाडो छो ने, तुम्ही वाजवता ना? माझी आजी लग्नाची गाणी म्हणते. अहिराणी. सत्तावीस तारखेला तिचं गळ्याचं ऑपरेशन आहे. थायरॉइडची गाठ. डॉक्टर म्हणतात बहुतेक काही नाही होणार, पण आवाज बदलू पण शके.' फेब्रुवारीत हिचं लग्न. त्याआधी आजीचा आवाज भरून ठेवायचा आहे, आणि नुसतं नको, 'म्युझिक साथे'.

हो म्हणालो. सरांना दाखवून द्यायचं होतं, हे इथे तरी खरं लिहितो.


११ नोव्हें., मंगळ.

भेस्तान. पेटी स्कूटरवर पुढे उभी करून नेली, गुडघे बाहेर काढून बसावं लागतं. सु. म्हणाली, 'पाठ दुखली तर मला सांगायचं नाही.' लग्नाला चौतीस वर्षं झाली, बायकोच्या धमक्या काही बदलल्या नाहीत.

आजीचं नाव गिरजाबाई, सगळे आक्का म्हणतात. सत्तरीच्या आसपास. अमळनेरकडच्या. नवऱ्यामागे सुरतेत आल्या, लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, तीस वर्षं सुताच्या कांड्या भरल्या. गळ्यावर लिंबाएवढी गाठ, पदरानं झाकतात.

मला विचारलं, 'तू कोनता गावना, भाऊ?'

शिरपूरकडचा म्हणालो.

'मंग आपली बोलीमा बोल ना.'

आलं नाही. आई घरात हीच बोली बोलायची आणि आम्ही भावंडं शाळेतल्या मराठीत उत्तरं द्यायचो. पुढे बँकेत तर गुजराती. आई जाऊन अकरा वर्षं झाली. 'समजतं मला' एवढंच म्हणालो. आक्का हसल्या, वाईट नाही.

त्यांनी हळदीचं गाणं सुरू केलं. मी सूर शोधला, धरला, लागलो मागे. दोन ओळींत त्या थांबल्या. पुन्हा. पुन्हा थांबल्या. तिसऱ्यांदा त्यांचा आवाज माझ्या सुराकडे ओढला गेला आणि गाणं एकदम शाळेतल्या प्रार्थनेसारखं झालं. त्यांनाच ते सहन होईना.

'भाऊ, तुनी पेटी मना गया धरस. मना सूर त्या दोन बटनस्ना मझार शे.'

गळा धरते माझी पेटी. सूर दोन पट्ट्यांच्या मधे आहे. बाईंनी कधी वाद्य हातात धरलेलं नाही, आणि नेमकं तेच सांगितलं.

चहा घेतला. त्या मेथी निवडत काहीतरी गुणगुणत होत्या. मी पट्टे आवळत होतो. ऐकलं, न ऐकल्यासारखं.


१२ नोव्हें., बुध.

सकाळपासून तोच सूर शोधतोय. खालची पट्टी दाबली तर गाणं उदास, वरची दाबली तर बँडबाजा. तरुणपणी ऑर्केस्ट्रात नऊ वर्षं वाजवलं, गणपतीत, नवरात्रात, लोक उभे राहून टाळ्या द्यायचे. असं कुणी अडवलं नव्हतं.

सु. लोचो खात बघत होती. 'तिच्या गळ्याला बटणं नाहीत, तू कशाला शोधतोस?'

दुपारी मोबाईल बघितला. काल सरावासाठी फोन फळीवर चालू ठेवला होता, तो बंद करायचाच राहिला. सगळं भरलं गेलंय. मेथी निवडतानाचंसुद्धा. मुलगी सासरी निघतानाचं गाणं आहे ते. साडेतीन मिनिटं. पेटी नाही, काही नाही, मधे पातेल्याचा आवाज. सु. स्वयंपाकघरातून येऊन उभी राहिली, पूर्ण ऐकलं आणि परत गेली.

असं गाणं मी आजवर...


१६ नोव्हें., रवि.

बैठक. सर आले होते, खिडकीशी. मी सगळ्यांसमोर सांगितलं, सर, तुमचं बरोबर होतं, पेटी आक्कांच्या गाण्याला झेपली नाही. वाटलं, आता ऐकवतील. त्यांनी विचारलं, 'कुठल्या सुरावर अडलं?' गाऊन दाखवलं, जमेल तसं. त्यांनी डोळे मिटून दोनदा म्हणायला लावलं. मग म्हणाले, 'माझी हार्मोनियमही तिथेच मेली असती. मी येऊ का भेस्तानला?'

चप्पल मी शोधून दिली आज.


१८ नोव्हें., मंगळ.

सर, मी आणि मधे अकॉर्डियन, एका स्कूटरवर. उड्डाणपुलावर एक रिक्षावाला बघून हसला.

सरांनी आक्कांना नमस्कार केला आणि थेट मुद्द्यावर. तुमच्या लग्नात हे वाद्य होतं का? मला वाटलं, त्या नाही म्हणणार. सरांनाही तेच वाटलं असावं.

'व्हतं ना! बँडवाला छातीवर बांधीसन पुढे चाले. लाल कोट.'

सरांचा चेहरा बघण्यासारखा. मला हसू आवरेना. म्हटलं, मग तुम्ही बायका त्याच्यासोबत गायच्या ना?

आक्कांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मला काहीच कळत नाही. 'सोबत कसाले? तो वाजाडे जवय, तवय आम्ही चूप. आम्ही गाऊत जवय, तवय तो चूप. दोन्ही मिळीसन लगीन व्हये.'

म्हणजे वरात दारी येईपर्यंत त्याचं. उंबऱ्याशी बायकांनी तोंड उघडलं की तो भाता मिटून बाजूला पाणी प्यायचा. गाणं संपलं की परत. कुणी कुणाचा सूर धरायचा नाही.

सर म्हणाले, 'बोरसे, आपण दोघेही चुकलो.' मी म्हटलं, तुम्ही थोडे जास्त. 'मान्य.'

तसं करून पाहिलं. आधी मी वाजवायचं, थांबायचं, मग त्यांनी त्यांच्या सुरात उचलायचं. पहिल्याच वेळी जमलं. माझा भाता मिटतो, क्षणभर काही नाही, आणि मग तो आवाज.


२२ नोव्हें., शनि.

रेकॉर्डिंग झालं. शेजारच्या लूमच्या खात्याला आज सुट्टी, म्हणून आजचा दिवस. दीपालीच्या दुकानातल्या एकानं माइक आणला. दारं लावून पंखा बंद, सगळे घामाघूम. सर ताल धरायला मांडीवर हात मारत होते, तो आवाज येतो म्हणून त्यांना माइकपासून लांब, पलंगावर बसवलं.

सहा गाणी. तिसऱ्यानंतर आक्कांचा आवाज दमायला लागला. गरम पाणी, लवंग. सहावं संपल्यावर दीपाली म्हणाली, आजी, आता ते मुलगी निघतानाचं.

'ते नही.'

का?

'ते लगीनमा गासू. तू निंघशी तवय.'

दीपाली आधी समजावत होती, मग चिडली. 'अने तब तक आवाज गेला तर?' हे बोलून गेली आणि स्वतःच रडायला लागली. आक्कांनी तिला जवळ घेतलं, पण आपलं म्हणणं सोडलं नाही. म्हणाल्या, हे ऐकायचं गाणं नाही. समोर निघालेली मुलगी उभी लागते. ती नसताना नुसतं वाजवलं तर अपशकुन.

मी आणि सरांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांना माझ्या मोबाईलचं माहीत आहे, मीच ऐकवलं होतं. बाहेर आल्यावर म्हणाले, 'देव पावला म्हणायचं. आहे ना आपल्याकडे.'

आहे. पण आक्कांना न विचारता आहे.


२३ नोव्हें., रवि.

बैठकीत यावरच. नाव न घेता विचारलं, एखाद्याचं गाणं नकळत भरलं गेलं आणि तो नाही म्हणतोय, तर? सगळे म्हणाले, ठेवा, अशी गाणी संपत चालली. सर सगळ्यांत ठाम : 'एका बाईच्या समजुतीपायी एक सूर जगातून जाऊ द्यायचा?'

त्यांचं चूक म्हणता येत नाही. घरी येऊन सु.ला विचारलं. ती म्हणाली, 'तुझ्या आईनं नको म्हटलं असतं तर?'

आईची गाणी मी भरलीच नाहीत. तिला कधी विचारलंही नाही.


२४ नोव्हें., सोम.

एकटाच गेलो, पेटीशिवाय. सांगितलं. चुकून भरलं गेलं, बारा दिवस माझ्याकडे आहे, तिघांनी ऐकलं. आक्का रागावल्या नाहीत. म्हणाल्या, 'ऐकाड.'

ऐकताना मोबाईल दोन्ही हातांत धरून बसल्या होत्या. संपल्यावर पदरानं डोळे पुसले. 'मनी माय अशीच म्हने.' पुन्हा लावायला सांगितलं. मला वाटलं, आता ठेव म्हणतील.

'पुसी टाक, भाऊ.'

मी म्हटलं, आक्का, गुरुवारी ऑपरेशन. मग कुणाकडेच राहणार नाही.

त्यांनी आत हाक मारली. दीपाली आली. 'हाई पोर शिकी. तिना तोंडवर येवाले जोयजे. डबडामा ठी काय करशी?' तिच्या तोंडी यायला हवं, डब्यात ठेवून काय उपयोग.

त्यांच्यासमोर पुसलं. तिथून निघालो तेव्हा आतून पहिली ओळ ऐकू येत होती. आधी आक्का, मग दीपाली. दीपालीची पार बेसूर.


२५ नोव्हें., मंगळ.

सरांना फोनवर सांगितलं. 'काय केलंत हे, बोरसे!' फोन ठेवून दिला. रात्री परत त्यांचाच. 'ती मुलगी शिकतेय का तरी?'

शिकतेय म्हणालो. कामावरून सुट्टी काढलीय तिनं.


२७ नोव्हें., गुरु.

ऑपरेशन सकाळी. अडीच तास. बाहेर दीपाली कानात काही न घालता ओठ हलवत बसली होती. डॉक्टर आले, गाठ पूर्ण निघाली, बाकी ठीक. आवाजाचं? 'आत्ता सांगता येणार नाही. काही आठवडे जाऊ द्या. बोलू देऊ नका फार.'

सर आले होते. डाळिंबं घेऊन. बरोबर बसलो, वाद घातला नाही.


२ डिसें., मंगळ.

आक्का घरी आल्या. आवाज नुसता वारा. दोन शब्दांत दम लागतो. दीपालीच्या आईनं पाटी-खडू आणून दिला, पण आक्का कधी शाळेत गेल्याच नाहीत. पाटी तशीच कोपऱ्यात.

सहा गाण्यांचं रेकॉर्डिंग तयार झालंय. ऐकवलं त्यांना. मान हलवली. माझ्या अकॉर्डियनवर आल्यावर हात वर करून 'बरं' अशी खूण. इतकी दाद मला ऑर्केस्ट्रात मिळाली नव्हती.


७ डिसें., रवि.

बैठकीला न जाता भेस्तान. सरही तिकडेच, बसनं आलेले. आक्का पलंगावर, मानेला पट्टी. आवाज तसाच. डॉक्टरांनी पुढच्या महिन्यात बोलावलंय, त्याआधी काही म्हणता येत नाही म्हणतात. लग्न माघात.

दीपाली समोर खाली बसली आणि ते गाणं म्हणायला लागली. सर हळूच माझ्या कानात, 'उच्चार बघा, गुजराती येतोय.' आहेच. 'माय' म्हणताना सुरतेची मुलगी लगेच कळते. पण दुसऱ्या कडव्यापर्यंत आली, न अडखळता.

मग तो दोन पट्ट्यांच्या मधला सूर आला आणि ती खाली राहिली. आक्कांनी तोंड उघडलं, काही निघालं नाही. त्यांनी हात पुढे केला, तळवा वर, आणि तो थोडा उचलला. दीपालीनं पुन्हा म्हटलं. आक्कांनी हात आणखी थोडा उचलला. पुन्हा. पुन्हा थोडा वर.

मी निघालो तेव्हाही चालूच होतं.